पहिल्या शतकातला मार्क: चार सेंटिमीटरच्या एका पपायरसचं प्रकरण

बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडलाय असं २०१२ मध्ये जाहीर झालं, तुकडा पपायरसवरचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन इजिप्तच्या कागदावरचा. तो पहिल्या शतकातला नव्हताच, आणि विकला गेला तो दुसऱ्याच्या मालकीचा असताना, त्याची ही गोष्ट. यात माणसांची नावं घेत नाहीये. नावं जगभर छापून आलीयत, ज्याला हवी त्याला सहज सापडतील, पण नावं आली की सगळी चर्चा त्या एका माणसाने असं का केलं असेल याच्यावर जाते आणि बाकीचे पाच-सहा जण, ज्यांनी फक्त एक प्रश्न विचारायचा राहू दिला, ते सुटतात. म्हणून इथे प्राध्यापक, खरेदीदार, खरेदीदाराचा माणूस, जाहीर करणारा विद्वान आणि सोसायटी एवढ्यावर भागवूया. संस्था मात्र नावानिशी येतील, कारण त्यांची निवेदनं जाहीर आहेत.

पार्श्वभूमी

कैरोच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर अल-बहनासा नावाचं गाव आहे. ग्रीक-रोमन काळात तिथे ऑक्सिरिंकस नावाचं बऱ्यापैकी मोठं शहर होतं आणि तिथले लोक कित्येक शतकं आपला कचरा गावाबाहेर नेऊन टाकायचे. पाऊस जवळपास नाहीच, नाईलच्या पुराचं पाणी त्या ढिगांपर्यंत पोचायचं नाही, त्यामुळे कराच्या पावत्या, भाडेकरार, घरची पत्रं, होमरच्या ओळी, पोरांचे शाळेतले धडे सगळं वाळूत कोरडं ठणठणीत राहिलं. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डचे ग्रेनफेल आणि हंट तिथे खणायला गेले, मग १९०३ ते १९०७ दरवर्षी गेले, आणि निघालेला माल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून इंग्लंडला पाठवला. अंदाजे पाच लाख तुकडे. त्यातले काही नखाएवढे, काही हातभर.

हे सगळं इजिप्त एक्सप्लोरेशन सोसायटीच्या मालकीचं, ठेवलेलं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात. १८९८ पासून त्याचे खंड निघतायत, ऐंशीच्या वर झाले, तरी छापून आलेले तुकडे पाच हजारांच्या थोडे वर, म्हणजे शंभरातला एक. उरलेल्या नव्याण्णवांत काय आहे हे त्या खोलीत ज्यांची रोजची ये-जा आहे त्या मोजक्या लोकांनाच माहीत असतं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघालंय.

आता मार्कच का. येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं, त्यांत मार्कचं सगळ्यात आधीचं असं बहुतेक अभ्यासक मानतात, साधारण इ.स. ७० च्या आसपासचं. पण गंमत अशी की पपायरसवर मार्क फार म्हणजे फारच कमी सापडतो. २०१८ पर्यंत फक्त तीन होते, एक डब्लिनमधला तिसऱ्या शतकातला, एक मिलानमधला चौथ्या शतकातला आणि एक बराच उशिराचा, सहाव्या शतकातला. अख्ख्या नव्या कराराचा (बायबलचा येशूनंतरचा, ख्रिस्ती भाग) सगळ्यात जुना म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो मँचेस्टरचा योहानाचा तुकडा, १९३५ मध्ये छापलेला, तो दुसऱ्या शतकाच्या पहिल्या अर्धातला असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, हल्ली त्यालासुद्धा बरेच जण एवढी घट्ट तारीख द्यायला तयार नाहीत. तर अशा ठिकाणी कोणी म्हणालं की पहिल्या शतकातला मार्क सापडलाय, तर त्याचा अर्थ मूळ पुस्तक लिहिलं गेलं त्यानंतर दहा-वीस-तीस वर्षांतली प्रत. श्रद्धाळू माणसाला पुरावा, म्युझियमला मुख्य आकर्षण, विकणाऱ्याला तोंडाला येईल तो भाव.

आणि हे साल ठरतं कशावर, तर हस्ताक्षरावर. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको, शिवकालीन मोडी आणि पेशवेकालीन मोडी नजरेला वेगळी दिसते, चिटणीशी वळण कोणतं आणि बिवलकरी कोणतं हे जाणकार ओळखतो, पण कोणी नुसतं वळण बघून हा कागद १७४२ चाच आहे म्हणाला तर आपण त्याच्याकडे संशयानेच बघू. ग्रीक पपायरसचं तेच आहे. पावतीवर किंवा करारावर राजाचं वर्ष लिहिलेलं असतं, ग्रंथाच्या प्रतीवर नसतं, मग तारीख असलेल्या कागदांशी वळण जुळवून अंदाज बांधायचा. प्रामाणिक अंदाज पन्नास ते शंभर वर्षांचा असतो, कधी त्याहून जास्त. एकच माणूस तरुणपणी शिकलेलं वळण म्हातारपणापर्यंत लिहीत असतो हे विसरून चालत नाही. कार्बन चाचणी करायची तर तुकड्याचा थोडा भाग जाळावा लागतो आणि तरीही उत्तरात दशकांचा फरक राहतोच.

समस्या

२०११ च्या शेवटी खरेदीदाराचा माणूस ऑक्सफर्डला प्राध्यापकांच्या कॉलेजमधल्या खोलीत गेला होता. खरेदीदार म्हणजे अमेरिकेतलं हॉबी लॉबी, हस्तकलेच्या सामानाची दुकानं चालवणारी कंपनी, तिचं मालक कुटुंब त्या काळात बायबलशी संबंधित जुन्या वस्तू ट्रकाने विकत घेत होतं कारण वॉशिंग्टनमध्ये म्युझियम ऑफ द बायबल उभं करायचं होतं. प्राध्यापक म्हणजे पपायरस वाचनातलं जगातलं मोठं नाव, आणि त्याच वेळी सोसायटीच्या ऑक्सिरिंकस खंडांच्या मुख्य संपादकांपैकी एक. त्या खोलीत बिलियर्डसारखं टेबल होतं आणि त्यावर काही पपायरस मांडले होते, त्यात एक मार्कचा आहे आणि बहुतेक पहिल्या शतकातला आहे असं प्राध्यापकांनी सांगितलं, ही त्या माणसाने नंतर सांगितलेली हकिकत. घरी गेल्यावर त्याने सोशल मीडियावर टाकलं की शंभर वर्षं योहानाचा तुकडा सगळ्यात जुना होता, आता नाही, थांबा आणि पहा.

१ फेब्रुवारी २०१२ ला नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमध्ये नव्या कराराच्या मजकुरावर विश्वास ठेवावा का, या विषयावर जाहीर वादविवाद होता. एका बाजूच्या विद्वानाने भर सभेत सांगून टाकलं की पहिल्या शतकातला मार्कचा तुकडा सापडलाय, जगातल्या आघाडीच्या जाणकाराने तारीख दिलीय, वर्षभरात पुस्तक येतंय. समोरचा विद्वान विचारतोय, कोणी तारीख दिली, केवढा तुकडा आहे, कुठून आला, कोणाकडे आहे? उत्तर नाही. बोलायची परवानगी नाही. पुढे २०१८ मध्ये याच विद्वानाने लिहिलं की खरेदीदाराच्या माणसाच्या सांगण्यावरून ही घोषणा केली, आपण स्वतः तोपर्यंत तुकडा बघितलाच नव्हता, आणि वादविवाद झाल्यावर बघायला मिळावा म्हणून गोपनीयतेच्या करारावर सही केली.

म्हणजे माळ बघा. प्राध्यापकांनी खरेदीदाराच्या माणसाला सांगितलं, त्याने विद्वानाला सांगितलं, विद्वानाने हजारभर लोकांना सांगितलं. तिघांपैकी तारीख स्वतः ठरवू शकणारा एकच, आणि तो ती छापून जाहीरपणे द्यायला पुढे येत नव्हता.

मग तीन-चार वर्षं नुसती अफवा. २०१४-१५ मध्ये त्याला ममीचा मुखवटा जोडला गेला. कोणी म्हणायला लागलं की हा तुकडा ममीच्या मुखवट्यातून निघाला, मुखवटे भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात विरघळवून आतले कागद सोडवतात, तुकडा इ.स. ९० च्या आधीचा आहे. मुखवटे असे विरघळवण्याचे व्हिडिओ खरंच फिरत होते, बघवत नाहीत. आणि या गोष्टीत एक अडचण आहे जी पपायरसच्या कोणत्याही विद्यार्थ्याला लगेच दिसते: वापरलेले पपायरस एकावर एक चिकटवून मुखवटे करायची पद्धत मुख्यतः टॉलेमी राजांच्या काळातली, रोमन अंमलाच्या सुरुवातीला ती बंद पडत आली. मार्क लिहिला जायच्या कितीतरी आधी. पण वर्तमानपत्रांनी छापलं, लोकांनी शेअर केलं, झालं.

सोसायटीसाठी खरी अडचण २०१६ च्या वसंतात उभी राहिली. तिच्या लोकांच्या लक्षात आलं की जग ज्या तुकड्याबद्दल बोलतंय तो बहुधा आपल्याच संग्रहातला आहे. यादीतल्या क्रमांकावरून तो ग्रेनफेल आणि हंट यांनी बहुतेक १९०३ मध्येच काढलेला. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्याच पेटीत. मग तो कोणाच्या तरी खासगी संग्रहात विकत घेतला गेलाय असं लोक कसं काय म्हणतायत?

समोर असलेले पर्याय

त्या क्षणी सोसायटीच्या जागी स्वतःला ठेवून बघा, सोपं नाहीये.

एक, गप्प बसायचं आणि तुकडा नेहमीच्या रांगेतून, त्याची पाळी येईल तेव्हा छापायचा. विद्वत्तेच्या जगात हे सगळ्यात नैसर्गिक, कोणालाच दोष लागत नाही, फक्त तोपर्यंत अफवा वाढत राहणार.

दोन, लगेच निवेदन काढायचं, हा आमचा आहे, विकलेला नाही. पण पुरावा काय होता हातात? तुकडा खोलीत होता. विक्रीचा कागद कोणी पाहिला नव्हता. प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणत होते की विकलेला नाही, विकायला काढलेलाही नाही, काही पाहुण्यांना शिकवताना दाखवला एवढंच. मुख्य संपादकाच्या शब्दावर जाहीर शंका घ्यायची तर तुमच्याकडे काहीतरी हवं.

तीन, आधी आतल्या आत पूर्ण चौकशी, सगळ्या पेट्या यादीशी ताडून बघायच्या, मग बोलायचं. योग्य, पण पाच लाख तुकड्यांच्या संग्रहात आणि अगदी थोड्या पगारी माणसांत हे काम वर्षांचं आहे.

चार, खरेदीदाराला थेट पत्र लिहून विचारायचं, तुम्ही काय घेतलंय ते दाखवा. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पर्याय होता. तो त्या वेळी गांभीर्याने घेतल्याचं बाहेर तरी कुठे दिसत नाही. एक कारण समजू शकतं, तोपर्यंत विक्री झालीय हे कोणाला पक्कं माहीतच नव्हतं, आणि श्रीमंत संग्राहकाला तू चोरीचा माल घेतलास का विचारणं म्हणजे वकिलाची नोटीस ओढवून घेणं.

काय केलं

सोसायटीने पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला रस्ता धरला. प्राध्यापक आणि दुसऱ्या एक संपादक यांना सांगितलं की हा तुकडा रांग सोडून आधी छापा, म्हणजे मजकूर काय, तारीख काय, कुठला, यावर एकदाचा पडदा उठेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राध्यापकांची मुख्य संपादक म्हणून मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

इथे मला एक गोष्ट खटकते. ज्याच्याबद्दल प्रश्न आहेत त्याच्याकडेच संपादन दिलं. दुसऱ्या संपादक सोबत होत्या हे खरं आणि निघालेलं काम चोख आहे हेही खरं, पण त्यामुळे पुढची दोन वर्षं तो तुकडा आणि त्याची फाईल त्याच माणसाच्या आसपास राहिली.

२०१८ च्या वसंतात खंड ८३ आला, त्यात क्रमांक ५३४५. नव्या कराराच्या पपायरसांच्या जागतिक यादीत त्याला पी १३७ असा नंबर मिळाला. आता तुकड्याबद्दल सांगतो, कारण इतक्या गोंगाटात तो कोणी धड बघितलाच नाही. ४.४ बाय ४ सेंटिमीटर, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. पानाचा खालचा भाग. दोन्ही बाजूंना लिहिलेलं, म्हणजे गुंडाळी नाही, पानं उलटायचं पुस्तक होतं, आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना गुंडाळीपेक्षा असं पुस्तकच आवडायचं. एका बाजूला मार्क १:७-९, बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानवाला योहान वेगळा) म्हणतोय मी तुमचा बाप्तिस्मा पाण्याने केला, तो पवित्र आत्म्याने करेल, मग येशू गालीलातल्या नासरेथहून येतो. दुसऱ्या बाजूला १:१६-१८, गालीलच्या समुद्राकाठी शिमोन आणि अंद्रिया जाळी टाकतायत आणि येशू म्हणतो माझ्यामागे या, मी तुम्हाला माणसे धरणारे करीन. 'आत्मा' हा शब्द अख्खा न लिहिता मधली अक्षरं गाळून वर आडवी रेघ दिलीय, पवित्र शब्दांसाठी ख्रिस्ती लेखनिक हे नेहमी करायचे. दोन्ही बाजूंच्या मधला मजकूर आपल्याला पाठ आहे, म्हणून एका पानावर किती मजकूर मावत होता याचा हिशोब मांडता येतो, चार सेंटिमीटरच्या चिटोऱ्यावरून अख्ख्या पानाचा आकार निघतो. मला तर हे त्या तारखेच्या भांडणापेक्षा जास्त भारी वाटतं.

तारीख? दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याची सुरुवात. पहिलं शतक नाही. एका झटक्यात शंभर वर्षं गेली.

आणि मग पहिलं शतक आलं कुठून? सोसायटीने ४ जून २०१८ ला निवेदन काढलं त्यात याचं उत्तर आहे. १९८० च्या दशकात संग्रहाची यादी करणाऱ्या एका जाणकाराने या तुकड्यापुढे कामचलाऊ अंदाज म्हणून 'पहिलं/दुसरं' असे रोमन आकडे टिपून ठेवले होते. यादी करताना असे आकडे हजारोंनी टाकले जातात, नंतर नीट बघू या हिशोबाने. सोसायटीचं म्हणणं असं की पहिल्या शतकाच्या दाव्याचं मूळ बहुधा हेच. पेन्सिलीने टिपावं तशी एक खूण, तीस वर्षांनी सभेत जाऊन 'जगातल्या आघाडीच्या जाणकाराने दिलेली तारीख' झाली.

खंड बाहेर येताच चॅपल हिलवाल्या विद्वानाने कबूल केलं की हाच तो तुकडा, आणि जाहीर माफी मागितली. माफी नीट होती, कोणाच्या भरवशावर बोललो, काय तपासलं नाही, समोरच्या विद्वानाचीही माफी. असं लिहिणारे फार नसतात.

पण माफीने एक नवंच भूत उभं केलं. तो म्हणत होता खरेदी झाली असं मला सांगितलं होतं. सोसायटी म्हणत होती आम्ही कधी विकलेला नाही. प्राध्यापक म्हणत होते मी विकलेला नाही. तिघंही एकाच वेळी खरं बोलत असतील तर खरेदी झाली कशाची?

फुटलं कसं

वर्षभराने, जून २०१९ मध्ये, म्युझियम ऑफ द बायबलशी संबंधित एका अभ्यासकाने कागद पुढे ठेवला. १७ जानेवारी २०१३ चा खरेदी करार, विकणारे प्राध्यापक, घेणारी हॉबी लॉबी, आणि यादीत चार शुभवर्तमानांचे चार तुकडे: मत्तय, मार्क, लूक, योहान, प्रत्येकाचे अध्याय-ओवी दिलेले. मार्कच्या ओव्या सोसायटीच्या ५३४५ शी जुळतात. आणि सगळ्यात कळीचं कलम असं की अभ्यास आणि प्रकाशनासाठी तुकडे काही वर्षं विकणाऱ्याच्याच ताब्यात राहतील.

हे कलम परत वाचा. पैसे दिले, माल विकणाऱ्याकडे. म्हणून तर चारही तुकडे ऑक्सफर्डमधल्या पेटीतून कधी हललेच नाहीत आणि सोसायटीच्या कोणाला काही कमी झालंय असं वाटायचं कारणच नव्हतं.

सोसायटीने त्याच महिन्यात प्राध्यापकांचं संग्रहात येणं थांबवलं आणि मग तो कंटाळवाणा तिसरा पर्याय, जो २०१६ मध्ये परवडत नव्हता, तो करायला घेतला: पेट्या आणि यादी ताडून बघणं. १४ ऑक्टोबर २०१९ ला जाहीर झालं की म्युझियमकडे असलेल्यांपैकी १३ तुकडे सोसायटीचे आहेत, १२ पपायरस आणि एक चामड्यावरचा, उत्पत्ती, निर्गम, स्तोत्रं, रोमकरांस पत्र, करिंथकरांस पहिलं पत्र असे. हे मात्र खरोखर खोलीबाहेर गेले होते. वर बहुतेकांची यादीतली कार्डं आणि फोटोसुद्धा गायब. म्हणजे तुकडा नाहीच, आणि तो कधी होता हे सांगणारा कागदही नाही. पकडले गेले ते केवळ सोसायटीकडे जुन्या नोंदींची दुसरी प्रत होती म्हणून. म्युझियमने ते परत द्यायचं मान्य केलं. मग कॅलिफोर्नियातल्या एका खासगी संग्राहकाकडे आणखी सहा निघाले. २०२० पर्यंत सोसायटीने सुमारे १२० तुकडे जागेवर नाहीत असं सांगितलं.

निकाल

प्राध्यापकांनी आरोप फेटाळले, आपल्याविरुद्ध रचलेलं आहे अशा अर्थाचं निवेदन दिलं. मार्च २०२० मध्ये थेम्स व्हॅली पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी अटक केली, ते एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने बाहेर आणलं. जून २०२१ मध्ये हॉबी लॉबीने अमेरिकेत दावा ठोकला, २०१० ते २०१३ मधल्या सात व्यवहारांचे मिळून ७० लाख डॉलरच्या वर परत मागितले. त्या दाव्यात असंही लिहिलंय की डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे म्युझियम उघडल्यावर महिनाभरात आणि खंड ८३ यायच्या आधी, प्राध्यापकांनी कळवलं होतं की चार शुभवर्तमानांचे तुकडे चुकून विकले, ते सोसायटीचे आहेत. चुकून.

खरेदीदाराचं काय? त्यांना सहानुभूती देताना माझा हात आखडतो. २०१७ मध्येच याच कंपनीने इराकमधून आलेल्या वस्तूंच्या प्रकरणात अमेरिकी सरकारला ३० लाख डॉलर भरले आणि हजारो वस्तू सोडल्या. मार्च २०२० मध्ये म्युझियमने कबूल केलं की त्यांच्याकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे १६ च्या १६ तुकडे नकली आहेत. त्याच सुमारास साडेअकरा हजार वस्तू इराक आणि इजिप्तला परत करणार असं जाहीर केलं. मार्कच्या बाबतीत ते फसले हे खरं, पण कुठून आलं हे न विचारता घ्यायची सवय त्यांना आधीपासूनची होती.

आणि पी १३७? तो छापलेल्या मार्कच्या पपायरसांत सगळ्यात जुना किंवा सगळ्यात जुन्या दोनांपैकी एक आहे. शांतपणे छापला असता तर अभ्यासकांनी त्याचं स्वागत केलं असतं. आता लोक त्याला 'तो पहिल्या शतकाचा नव्हता तो' म्हणून ओळखतात.

काय वेगळं करता आलं असतं

माझं मत स्पष्ट आहे, तारखेवर फार वेळ गेला. २०१२ ते २०१८ सगळे विचारत होते पहिलं शतक की दुसरं. कोणाचा आहे, हे पहिलं विचारलं असतं तर प्रकरण एका फोनमध्ये संपलं असतं. ऑक्सफर्डमध्ये बसून, ऑक्सिरिंकसच्या संपादकाकडून, ग्रीक पपायरस विकत घेताय, तर सगळ्यात आधी मनात काय यायला हवं? की हा ऑक्सिरिंकसचा तर नाही ना. सोसायटीला एक फोटो पाठवून विचारायला किती वेळ लागतो.

सभेत घोषणा करणाऱ्याकडे पण साधी वाट होती. तुकडा बघितला नाही तर बोलायचं नाही. आणि गोपनीयतेच्या करारावर सही करायची वेळ आली तर त्याच क्षणी थांबून विचारायचं की ही गुप्तता कोणाला वाचवतेय? नवं वाचन दुसऱ्याने आधी छापू नये म्हणून संपादक गुप्तता पाळतात, ते समजू शकतं. पण मालक कोण हेच सांगायचं नाही, ही गुप्तता फक्त विकणाऱ्याच्या सोयीची. ज्यांना खरं माहीत होतं ते सहीने बांधलेले आणि जे मोकळे होते त्यांना माहीत नव्हतं, अशी सहा वर्षं गेली.

सोसायटीबद्दल मी थोडा मऊ आहे. २०१८ चं निवेदन धाडसी होतं, नावं घेऊन, तारखा देऊन. पण २०१६ मध्ये संशय आल्यावर दोन कामं लगेच व्हायला हवी होती: संपादन पूर्ण दुसऱ्याकडे, आणि निदान बायबलचे म्हणून नोंदलेले न छापलेले तुकडे तरी यादीशी ताडून बघणं. पाच लाख नाही, फक्त तेवढे. ते काही शेकड्यांत असतील, कारण बाजारात ज्याला भाव आहे तेच जातं, कराच्या पावतीसाठी कोणी लाखो डॉलर मोजत नाही. १३ पैकी किती तेव्हाच लक्षात आले असते सांगता येत नाही, पण कार्डं नाहीशी झालीयत हे तर नक्की दिसलं असतं.

एका माणसाकडे संपादन, किल्ली आणि पाहुण्यांना दाखवायची मुभा, हे सगळं एकत्र असायला कोणी हरकत घेतली नाही, कारण त्याच्यासारखं वाचणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. छोट्या विषयांत हे होतंच, जाणकार चार, त्यातले दोन एकमेकांचे विद्यार्थी, मग कोण कोणाला विचारणार. याच्यावर माझ्याकडे नेमका उपाय नाही. ज्या पोथीशाळांत एकाच माणसाला सगळं ठाऊक असतं त्या आपल्याकडेही आहेत, आणि तिथे निदान एवढं करता येतं की यादीची एक प्रत त्या माणसाच्या हाताबाहेर, दुसऱ्या इमारतीत ठेवायची, आणि प्रत्येक तुकड्याचा फोटो तो अभ्यासाला द्यायच्या आधी काढायचा.

करारातल्या त्या ताब्याच्या कलमावर मात्र मी अजून अडकलोय. घेणाऱ्याच्या वकिलाने ते वाचलं असणार. पैसे आज, वस्तू काही वर्षांनी, तोवर विकणाऱ्याच्या खोलीत, आणि तो विकणारा दुसऱ्याच्या संग्रहाचा संपादक. त्या वकिलाने निदान एक ओळ घालायची, की विकणाऱ्याने या वस्तू स्वतः कधी आणि कोणाकडून घेतल्या त्याचा कागद जोडावा. तो कागद मागितला असता तर जानेवारी २०१३ मध्येच व्यवहार अडला असता, आणि चॅपल हिलच्या घोषणेनंतर वर्षाच्या आत सगळ्यांना कळलं असतं की हा मार्क कोणाच्या पेटीतला आहे.